विस्तव घेऊन निघालेली माणसं : युद्धातून नव्या मुलखाकडे जाणारी फॅण्टसी कादंबरी कशी लिहावी

चुलीवर स्वयंपाक व्हायचा तेव्हा रात्री विस्तव विझू देत नसत. निखाऱ्यांवर राख ओढायची, मध्ये एखादी गोवरी पुरून ठेवायची, की पहाटे राख बाजूला केल्यावर खाली धग सापडायचीच. एखाद्या घरचा विस्तव गेलाच, तर पोर शेजारी धावायचं आणि खापरात चार निखारे घेऊन यायचं. म्हणून तर 'त्या दोघांत विस्तव जात नाही' असं आपण अजून म्हणतो, घरात चूल राहिली नसली तरी.

युद्धातून पळून नव्या मुलखाकडे निघालेल्या माणसांची फॅण्टसी कादंबरी लिहायची इच्छा असलेल्यांसाठी हा लेख आहे. या प्रकारची बरीच हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांत नकाशा तयार असतो, राजघराण्यांची वंशावळ तयार असते, तलवारींना नावंही असतात. पण चालणाऱ्या माणसांच्या डोक्यावर काय आहे, ते कुठेच नसतं. माझ्या मते अशा कादंबरीचा जीव ओझ्यात असतो. काय उचललं, काय मागे टाकलं, उचललेलं कुठवर नेता आलं, यातच सगळी गोष्ट असते आणि जादूसुद्धा त्या ओझ्याचाच एक भाग व्हायला हवी. हे कसं साधायचं ते दाखवण्यासाठी मी पुढे एकच नमुना कथा घेतली आहे, आणि ती या विस्तवाचीच आहे.

पहिलं काम : एक खरं पलायन नीट वाचून काढा

नकाशा काढायच्या आधी हे करा. महिनाभर दुसरं काही वाचू नका. कुठलंही एक खरं पलायन घ्या आणि त्याच्या तारखा, वाटा, पाऊस, आजार, अन्न असं सगळं वहीत उतरवून काढा.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते १९४२ च्या ब्रह्मदेशाने. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले आणि शहरातल्या हिंदी, म्हणजे भारतातून गेलेल्या, मजुरांचे लोंढे प्रोमच्या रस्त्याला लागले. गोदी चालू राहायला हवी म्हणून त्यातल्या अनेकांना समजावून परत आणलं गेलं. पुढे ८ मार्च १९४२ ला रंगून पडलं आणि हीच माणसं पुन्हा निघाली, या वेळी जास्त उशिरा आणि जास्त वाईट वाटेने. एकूण सुमारे ५ लाख हिंदी माणसं ब्रह्मदेशातून बाहेर पडली असं मानतात. कोणी आराकानमार्गे चितगावकडे गेलं, कोणी तामूवरून मणिपूरकडे, तर कोणी उत्तरेच्या हुकाँग खोऱ्यातून पांगसाऊ खिंड ओलांडून आसामात. मे महिन्यात पाऊस सुरू झाला आणि उत्तरेच्या वाटेचा गुडघाभर चिखल झाला. कॉलरा, हिवताप आणि आव यांनी माणसं वाटेवर बसल्या जागी मेली. जूनमध्ये दाफा नदीला पूर आला तेव्हा पलीकडच्या काठावर अडकलेल्यांना काढायला चहाच्या मळ्यातला गाइल्स मॅकरेल हा माणूस हत्ती घेऊन गेला. आणि या सगळ्यात गोऱ्यांना बरी वाट, हिंदी माणसांना वाईट, असा भेदही झाला. त्यावर तेव्हा देशात संताप उसळला होता.

यातून कादंबरीकाराने काय उचलायचं? माणसं एकदाच निघत नाहीत, हे. ती निघतात, परत येतात, पुन्हा निघतात. पहिल्या वेळी दागिने घेतात, दुसऱ्या वेळी भांडी. हस्तलिखितांमध्ये मात्र सगळे एकाच रात्री, एकाच ज्वाळेच्या उजेडात घर सोडतात. तुमच्या पात्रांना एकदा परत येऊ द्या. परत आल्यावर अंगणातल्या तुळशीला पाणी घालू द्या. त्यानंतरचं निघणं वाचकाला सहन होणार नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. १६ व्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी देव उचलून पलीकडे आदिलशाही अमलातल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात, नेले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. हा नवा मुलूख समुद्रापार नव्हता. मध्ये एक नदी होती आणि नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या राजवटी. तुमच्या कादंबरीतला नवा देशही हजार कोसांवर असायलाच हवा असं नाही. पलीकडच्या काठावर संध्याकाळी दिवे लागलेले दिसतात आणि तरी तिथं पोचता येत नाही, हे जास्त दुखतं.

गाठोडं बांधा

आता कथेतलं एक कुटुंब घ्या. पाच माणसं: नवरा, बायको, सासू, आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा. त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करा, वस्तू साठेक तरी हव्यात. मग त्यातल्या बारा ठेवा आणि बाकीच्या खोडा. खोडताना कोण कशासाठी भांडलं ते समोर लिहा. कादंबरीचं पहिलं प्रकरण इथंच तयार होतं.

जातं नेता येत नाही, हे पहिल्या क्षणी कळतं. दोन दगड, कोण उचलणार? पण सासू जात्याचा लाकडी खुंटा उपसून घेते. तिच्या तळव्याने घासून घासून तो एका बाजूला चपटा झालेला आहे. सुनेला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. खुंट्याचा वाटेत काही म्हणजे काही उपयोग नाही, आणि म्हणूनच तो गाठोड्यात असायला हवा.

दही लावायचं म्हणून स्वच्छ फडक्याला विरजण माखून ते वाळवून घेतलेलं असू द्या. दुधाचा थेंब दिसत नाही असे महिने पुढे आहेत, तरी ते फडकं कोणी टाकणार नाही. आणि बियाणं. राखेत घोळून दुध्याच्या वाळक्या भोपळ्यात भरलेलं, बुडाशी मेण लावलेलं बियाणं. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचं आणि खाण्याचं धान्य एकाच पोत्यात नसतं. वाटेत उपासमार झाली की हा फरक कोण पाळतं आणि कोण मोडतं, यावर तुम्ही शंभर पानं लिहू शकाल. मुलं रडतायत, भोपळ्यात दोन शेर ज्वारी आहे, ती खाल्ली तर नव्या देशात पेरायला काही नाही. हा प्रसंग कुठल्याही राक्षसाशी झालेल्या लढाईपेक्षा मोठा आहे, त्याला घाईत उरकू नका.

जादू भाषेतून काढा, आणि तिला वजन द्या

फॅण्टसी म्हटलं की मंतरलेली अंगठी आणि उडणारा प्राणी आधी सुचतो. ते खुशाल ठेवा, पण एक परीक्षा घ्या. तुमच्या जादूमुळे चालणं सोपं होतंय का? उडणारा प्राणी असेल आणि तो माणसं वाहून नेत असेल, तर पलायनाची कादंबरी तिथेच संपली. जादूमुळे चालणं जड झालं पाहिजे.

जादू शोधायची जागा म्हणजे आपले वाक्प्रचार. मराठीत ते ढिगाने आहेत आणि त्यांतले अर्धे शब्दशः घेतले तर अद्भुत आहेत. नमुना कथेसाठी मी 'विस्तव जात नाही' घेतलं. नियम असा: या मुलखात प्रत्येक घराच्या विस्तवात त्या घरच्या मेलेल्यांची आठवण राहते. विस्तव जिवंत आहे तोवर सात पिढ्यांची नावं, त्यांचे आवाज, त्यांच्या खोडी घरातल्या लहानथोरांना आठवतात. विस्तव विझला की एका रात्रीत सगळं जातं. आजीला स्वतःच्या आईचं नाव सापडत नाही.

आता या जादूची किंमत मांडा. विस्तव मडक्यात न्यावा लागतो. मडकं राखेनं भरलेलं, जड. त्याला गोवऱ्या लागतात, म्हणजे आणखी ओझं. दिवसा धूर दिसतो, रात्री लाली दिसते, आणि मागे घोडेस्वार आहेत. रात्री कोणीतरी जागं राहायला हवं. पाऊस आला तर मूल झाकायचं की मडकं? हा प्रश्न एका आईला विचारा आणि तिला उत्तर द्यायला लावा.

नियमाला एक पोटनियमही हवा, नाहीतर कथा वळत नाही. विझलेल्या घराने दुसऱ्याकडून विस्तव घेतला, तर त्या दुसऱ्या घरचे मेलेले यांना आठवू लागतात. समजा, दोन घरांत बांधावरून तीन पिढ्यांचं वैर आहे, त्यात एक खून झालेला आहे. वैऱ्याचा विस्तव घेतलेल्या सुनेला एका संध्याकाळी तो मेलेला माणूस आठवतो, त्याच्या घरच्यांना आठवतो तसा: पोरांना खांद्यावर घेणारा, भाकरीचा पापुद्रा आधी खाणारा. त्याला मारणारा तिचा सासरा होता.

नियम दोनच ठेवा. तिसरा सुचला तर पहिल्या दोनांपैकी एक काढा.

वाटेचं गणित

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कागद-पेन्सिल घ्या.

लहान मुलं आणि म्हातारी बरोबर असलेलं कुटुंब ओझं घेऊन दिवसाला १२ किलोमीटर चाललं तर खूप झालं. वाट ४०० किलोमीटरची असेल तर नुसतं चालणं ३३–३४ दिवसांचं. मध्ये ताप येणार, नदी अडवणार, कुणाच्या पायाला जखम होणार. थांबायचे सहा दिवस धरा. झाले चाळीस. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं तर पाच माणसांना अडीच किलो, चाळीस दिवसांना एक क्विंटल. आता ते उचलणार कोण? दोन धडधाकट माणसं प्रत्येकी २० किलो धान्य उचलतील, तेही बाकी सगळं सांभाळून. म्हणजे ४० किलो. सोळा दिवसांत ते संपतं.

सतराव्या दिवशी काय होतं, ही तुमची कादंबरी आहे. आधीचे सोळा दिवस म्हणजे प्रस्तावना.

बैलगाडी दिली तर? तीही द्या, पण बैलांचा हिशेब करा. एका बैलाला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी आणि भरपूर वैरण लागते. गाडीला रस्ता लागतो, म्हणजे ती तिथूनच जाणार जिथून सैन्यही जातं. घाटाच्या पायथ्याशी गाडी सोडावी लागणार. बैल सोडणं, विकणं किंवा खाणं, असे तीन पर्याय उरतात आणि शेतकऱ्याच्या घरातला प्रत्येक माणूस वेगळा पर्याय धरून बसतो. मी एका हस्तलिखितात बैल सोडण्याचा प्रसंग एका ओळीत वाचला होता: 'त्यांनी बैल सोडून दिले.' लेखक गुणी होता, शहरात वाढलेला होता. मी त्याला पोळ्याच्या दिवशी एका गावात जाऊन यायला सांगितलं. परत आल्यावर त्याने त्या ओळीची अकरा पानं केली.

चंद्राच्या तिथीही वहीत लिहून ठेवा. माणसं रात्री चालणार असतील तर अमावास्या आणि पौर्णिमा यांत जिवाचा फरक असतो. निघाल्याचा दिवस वद्य अष्टमी ठरवलात की पुढच्या प्रत्येक रात्रीचा उजेड आपोआप ठरतो. पावसाचं नक्षत्रही ठरवा. आपल्या वाचकाला 'मृग लागला' म्हटलं की वास येतो, ते बळ सोडू नका.

सोबत कोण आहे

पंचवीसेक माणसांचा जथा पुरे. त्यात एक सुईण हवी, एक असा माणूस हवा ज्याला वाट ठाऊक असल्याचं सगळ्यांना वाटतं, आणि ज्याच्याशी आपल्या मुख्य घराचा विस्तव जात नाही असं एक घर हवं. नायक-राजपुत्र नसला तरी चालेल. असलाच तर त्याच्याही डोक्यावर मडकं द्या.

माणसं एकमेकांना काय हाक मारतात इकडे फार लक्ष द्या. मराठीत नातं हाकेतच कळतं. नमुन्यादाखल एक तुकडा:

*पाऊस थांबल्यावर यमुनेनं मडक्यात हात घातला. राख ओली होती. तिनं हात तसाच खोल नेला, बुडापर्यंत.*

*पलीकडच्या झाडाखाली भागीरथी बसली होती. तिनं आपलं मडकं पदराखाली ओढून घेतलं.*

*"काकू," यमुना म्हणाली, "मूठभर राख द्याल का? भांडं घासायचंय."*

*भांड्यात दोन दिवसांत काही शिजलं नव्हतं.*

*भागीरथी बराच वेळ बसून राहिली. मग तिनं खापरात राख काढली, आणि खापर पुढे सरकवताना म्हणाली, "दोन हातांनी धर. पोळेल."*

तीन पिढ्या 'त्या घरच्या' एवढंच म्हणत आलेल्या घरातली सून इथं पहिल्यांदा 'काकू' म्हणते. राख कशाला हवीय ते दोघींनाही माहीत आहे, विस्तव हा शब्द मात्र कोणीच काढत नाही. तुमच्या तुकड्यातही जो शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे तो पात्रांच्या तोंडून काढून टाकून बघा.

शत्रूबद्दल थोडंच सांगते. त्याला कुठल्याही खऱ्या समाजाचा पेहराव, भाषा किंवा देव देऊ नका. अद्भुताच्या आडून खऱ्या माणसांबद्दल द्वेष पसरवणं सोपं असतं आणि ते आपल्या हातून नकळतही होतं. पळणाऱ्या माणसांना शत्रू क्वचितच दिसतो. त्यांना दिसते ती धूळ, ओढ्याचं गढूळ झालेलं पाणी, आणि रिकाम्या गावातलं भुकेलं कुत्रं.

नवा मुलूख रिकामा नसतो

इथं बहुतेक हस्तलिखितं कोसळतात. डोंगर ओलांडला, हिरवं खोरं दिसलं, समाप्त. अहो, त्या खोऱ्यात कोणीतरी राहत असणार. त्यांच्याही विहिरी आहेत, बांध आहेत, भांडणं आहेत.

आलेल्यांना अटी घातल्या जातात. १५९९ मध्ये रचलेल्या 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात पारशांच्या गुजरातेतल्या आगमनाची कथा आहे. त्यात तिथला राजा अटी घालतो: आपला धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळनंतर लावा. दुधातल्या साखरेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण कादंबरीकाराच्या कामाच्या आहेत त्या अटी. तुमच्या नव्या मुलखाच्या पाच अटी लिहा. त्यातली एक अशी हवी की ती मान्य केली तर आणलेलं ओझं खाली ठेवावं लागेल. माझ्या नमुना कथेत पलीकडची माणसं आपल्या मेलेल्यांची नावं विहिरीत जपतात. बाहेरचा विस्तव काठावर आला तर पाणी मुकं होतं अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि ती खोटी नाही. पाणी प्यायचं असेल तर मडकी नदीत सोडा, ही त्यांची अट. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की शेवट सोपा राहत नाही.

वसाहत कशी दिसते हे आपल्या राज्यातच पाहता येतं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. १९४०–४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं होतं. तिथून इराणमार्गे ती इथवर पोचली. छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभं केलं. ती गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं. आजचं गांधीनगर, जिथं आख्खं कोल्हापूर कापड घ्यायला जातं, ते तेच. एका निर्वासिताने सोडलेल्या बराकीत दुसरा निर्वासित शिरतो, भिंतीवर आधीच्या पोरांनी काढलेल्या रेघा असतात, भाषा कळत नाही. यावर कोणी तरी फॅण्टसी लिहावी असं मला फार वाटतं.

नावांकडेही बघा. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, पण तिथला माणूस पत्ता सांगताना अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' म्हणतो. आणि आपली 'कर' लावलेली आडनावं? कित्येक पिढ्यांत ज्या गावात कोणी राहिलं नाही, ते गाव माणूस आडनावात वागवतो. तुमच्या पात्रांची आडनावं पहिल्या प्रकरणात नसू द्या. गावात असताना गावाचं नाव कोण लावतं? ती नदीपलीकडे गेल्यावर, पलीकडच्या कारकुनाने 'कुठले?' विचारल्यावर पडू द्या.

भाषा

निवेदन साध्या बोलत्या मराठीत ठेवा. 'हे प्रिय सख्या, संकटांचे काळे मेघ दाटून आले आहेत' असं बोलणाऱ्या माणसाच्या पायाला फोड येत नाहीत. जथ्यातल्या माणसांना एक बोली द्या, पलीकडच्यांना दुसरी, आणि दोन्ही तुम्ही कानाने ऐकलेल्या असाव्यात. एकाच वस्तूला दोन शब्द असण्याचा गोंधळ फार कामी येतो. पलीकडच्या बाजारात मीठ मागताना चुकीचा शब्द निघाला म्हणून पकडली गेलेली मुलगी हे एक आख्खं प्रकरण आहे. मुलं नवी बोली लवकर उचलतात, मग ती घरच्यांसाठी दुभाषी होतात, आणि आठ वर्षांच्या पोरीला आपल्या बापाचं गाऱ्हाणं अधिकाऱ्यापुढे मांडावं लागतं. बापाची मान तिथं खाली जाते.

लिहायला बसल्यावर

आधी सतरावा दिवस लिहा, मग गाठोडं, मग पलीकडच्यांच्या अटी. हे तीन तुकडे उभे राहिले की मधलं आपोआप मागणी करतं. रोज ६०० शब्द लिहिले तर चार-पाच महिन्यांत पहिला खर्डा होतो. युद्ध, मृत्यू, बाळाला मागे ठेवणं असे प्रसंग लिहिताना सलग दोन दिवस बसू नका, मध्ये एक दिवस दही लावण्यावर किंवा पोरांच्या खेळावर लिहा. वाचकालाही तसाच श्वास लागतो.

ज्यांच्या घरात खरं पलायन झालंय अशा वयस्कर माणसांशी बोलणार असाल तर वही मिटून बसा. काय झालं हे आधी विचारू नका. काय शिजायचं, कोण गायचं ते विचारा. सांगणारा थांबला तर तुम्हीही थांबा.

खर्डा पुरा झाला की गाठोड्यातल्या बारा वस्तूंची यादी पुन्हा काढा आणि प्रत्येक वस्तू शेवटची कुठल्या पानावर दिसली ते समोर लिहा. विरजणाचं फडकं नवव्या प्रकरणानंतर कुठेच नसेल, तर ते कुठे पडलं ते शोधा आणि तिथं दोन ओळी घाला: कोणाच्या हातून पडलं, कोणी पाहिलं, आणि पाहूनही त्या दिवशी कोण बोललं नाही.